गाडीवर बसण्याआधी आत्याचं ऐक

गाडी आली, हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, पेढे वाटले. सगळं रीतसर झालं. आता थोडा वेळ माझ्यापाशी बस, बाळा. माझी सगळी नोकरी सरकारी दवाखान्याच्या हाडांच्या वॉर्डात गेली, आणि तिथल्या खाटांवर तुझ्या वयाची पोरंच जास्त असायची. झाडावरून पडलेले, म्हाताऱ्या माणसांचे मोडलेले खुबे, हे तर बारा महिने असायचंच. पण उसाचा हंगाम सुरू झाला, पाठोपाठ लग्नसराई आली, की दुचाकीवाल्यांनी वॉर्ड भरून जायचा.

नवी पोरगी वॉर्डात रुजू झाली की आमच्या थोरल्या सिस्टर तिला बाजूला घेऊन सांगायच्या, "गाडीवरून पडलेला माणूस दुखतं तेवढंच दाखवतो. तू तेवढंच बघू नकोस. डोकं, मान, छाती, पोट, मनगट, नडगी, सगळीकडं हात फिरव." त्यांनी ते त्यांच्या आधीच्या सिस्टरकडून ऐकलेलं, मी पुढं कित्येक जणींना सांगितलं. तो हात फिरवता फिरवताच मला कळत गेलं की अपघात कसाही झालेला असो, दुचाकीवाल्याचं शरीर मोडतं ते ठरलेल्या जागीच. त्या जागा ठाऊक असल्या की अंगात काय घालायचं आणि रस्त्यावर कशाला जपायचं, हे वेगळं सांगावं लागत नाही. "सावकाश जा" असं तुला सगळेच सांगतील. मी तुला कारणं सांगते.

सगळ्यात जास्त मोडते ती नडगी. गाडी आडवी झाली की तिचं सव्वाशे-दीडशे किलोचं वजन पायावर येतं, आणि मोटारीची धडक बसली तर बंपरही बरोबर गुडघ्याखालीच लागतो. स्वतःच्या नडगीवरून बोट फिरवून बघ. मांडीच्या हाडाभोवती मांसाचा जाड थर आहे. इथं पुढच्या बाजूला कातडी आणि लगेच हाड. त्यामुळं मोडलेलं टोक कातडी फाडून बाहेर येतं, त्यात रस्त्याची माती जाते, आणि तिथं रक्तपुरवठा मुळातच कमी असल्यानं हाड जुळायला महिनोन्‌महिने लागतात. अशा पायाला आधी बाहेरून सळया लावतात. सळई जिथं कातडीत शिरते तिथं रोज साफ करायचं, पू येतोय का बघायचं. मग मांडीची कातडी काढून जखमेवर लावायची, मग आत रॉड. एका शेतकऱ्याचा मुलगा पेरणीच्या दिवसांत पडला होता. पुढच्या पेरणीला तो बांधावर कुबड्या घेऊन उभा होता. हाड जुळलं, पण गुडघा पुरता वाकेना. मांडी घालून जेवायला बसणं त्याचं कायमचं सुटलं.

म्हणून चप्पल घालून गाडीला किक मारायची नाही, अगदी कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं असलं तरी. घोटा झाकणारा, नाडी आत खोचलेला बूट घाल. चप्पल पहिल्या धक्क्यालाच पायातून निघून जाते, आणि मग टाच, घोटा, बोटं डांबरावर घासत जातात. क्रॅश गार्ड बसव, हरकत नाही. गाडी जागच्या जागी कलंडली तर तो पाय वाचवतो. पण मोटारीची धडक तो अडवत नाही, त्याच्या भरवशावर राहू नकोस.

आता डोक्याचं. नडगीनं माणूस अंथरुणाला खिळतो, डोक्यानं जातो. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात २०२२ सालचे आकडे आहेत. देशभरात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची. हेल्मेट न घालता गेलेली ५०,०२९, आणि त्यांत १४,३३७ जण मागं बसलेले. हा शेवटचा आकडा नीट लक्षात ठेव. आपल्याकडं चालवणारा दंडाच्या भीतीनं हेल्मेट घालतो, आणि मागची बायको, बहीण, आई उघड्या डोक्यानं बसते. डांबर दोघांना सारखंच लागतं.

आमच्याकडं शिकवायला येणारे एक सर्जन एक गोष्ट नेहमी सांगायचे. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून जगाला माहीत असलेले टी. ई. लॉरेन्स १९३५ साली इंग्लंडमध्ये मोटरसायकलवरून पडले आणि डोक्याच्या मारानं सहा दिवसांनी गेले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे सर्जन होते. तो मृत्यू त्यांच्या मनातून गेला नाही. पुढं महायुद्धात निरोप पोचवणारे लष्करी मोटरसायकलस्वार भराभर मरत होते, तेव्हा केर्न्सनी त्यांच्या डोक्याच्या जखमा तपासल्या आणि हेल्मेटचं महत्त्व १९४१ साली लेख लिहून मांडलं. त्यानंतर जगभर झालेले अभ्यास एकत्र करून डॉक्टरांनी जो हिशेब मांडला, तो असा: हेल्मेटमुळं डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मरण्याचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो. इतकं काम करणारं दुसरं काही दुचाकीवाल्याजवळ नाही.

हेल्मेट घेताना रंग शेवटी बघ. आधी आयएसआयचा शिक्का आणि त्याच्या वर आयएस ४१५१ हा क्रमांक आहे का बघ. १ जून २०२१ पासून त्याशिवायचं हेल्मेट विकायलाच बंदी आहे, तरी रस्त्याकडेला ती टोपलीभर मिळतात. हनुवटी झाकणारं, पूर्ण चेहऱ्याचंच घे. अर्ध्या हेल्मेटवाले पेशंट आम्ही बघितलेत. डोकं शाबूत, आणि जबडा तीन ठिकाणी तारांनी बांधलेला, महिनाभर नळीनं पेज. हेल्मेट घातल्यावर गाल दाबले गेले पाहिजेत, मान जोरात हलवली तर हेल्मेट डोक्याबरोबर हललं पाहिजे, मागं-पुढं डुलता कामा नये. पट्टा लाव, हनुवटीखाली जेमतेम दोन बोटं जातील इतका घट्ट. मग मागून वर ढकलून बघ; पुढं सरकून निघत असेल तर तो नंबर तुझा नाही. पट्टा न लावलेलं हेल्मेट डोकं आपटायच्या आधीच रस्त्यावर घरंगळत असतं. आत जो थर्माकोलसारखा थर असतो तो एकदाच दबतो आणि दबताना धक्का स्वतः घेतो. म्हणून अपघातात एकदा आपटलेलं हेल्मेट वरून कितीही चकचकीत दिसलं तरी बदलायचं. दुसऱ्याचं जुनं तर घ्यायचंच नाही, ते कुठं कसं आपटलंय कुणाला ठाऊक. आणि काळी काच दिवसाच बरी. रात्रीसाठी साधी, ओरखडे नसलेली काच ठेव.

पडताना माणूस हात पुढं करतो, ते रोखणं कुणाच्या हातात नसतं. त्यात मनगट जातं किंवा गळपट्टीचं हाड. गळपट्टीचं बहुतेक वेळा झोळीत हात ठेवून बरं होतं. मनगटाचं मात्र एक ध्यानात ठेव. अंगठ्याच्या मुळाशी, अंगठा ताणला की जो खळगा पडतो, तिथं दाबल्यावर दुखत असेल तर एक्स-रे चांगला आला म्हणून सोडून द्यायचं नाही. तिथलं छोटं हाड मोडलेलं पहिल्या एक्स-रेत पुष्कळदा दिसतच नाही. दहा-बारा दिवसांनी पुन्हा काढायला सांग, नाहीतर ते न जुळता राहतं आणि मनगट कायमचं दुखरं होतं.

खांद्यावर पडलेल्यांचं दुःख आणखी वेगळं. खांदा जमिनीला टेकतो, डोकं उलट्या बाजूला ओढलं जातं, आणि मानेतून हाताकडं जाणाऱ्या नसा ताणून तुटतात. एक्स-रेत काही दिसत नाही, जखम दिसत नाही, आणि हात दोरीसारखा लोंबतो. एक पोरगा मला आठवतो, आयटीआयला होता. वॉर्डात आला तो चार-पाच महिने तेल लावून आणि चोळून झाल्यावर. अशा नसांची शस्त्रक्रिया पहिल्या काही महिन्यांतच चांगली साधते, पुढं स्नायू सुकत जातात. त्याचा दंड तोवर काठीसारखा झाला होता. डाव्या हातानं उजवा हात उचलून टेबलावर ठेवायचा आणि मग सही करायला डाव्याच हातात पेन घ्यायचा. पडल्यावर हाताला मुंग्या, बधिरपणा, उचलत नाही असं काहीही झालं तर त्याच आठवड्यात मोठ्या दवाखान्यात जायचं. हाडवैद्याकडं नाही. आवळून बांधलेल्या पट्ट्यांनी काळे पडलेले पायही आम्ही बघितलेत. प्लास्टर आमच्याच हातचं असलं तरी बोटं बधिर झाली, निळी पडली किंवा कळ सोसवेना झाली, तर सकाळची वाट न बघता परत यायचं.

खरचटण्याचं फार सांगत नाही. जाड जीन्स, पूर्ण बाह्यांचं जाकीट आणि हातमोजे घाल, पंज्याची कातडी वाचेल.

आता गाडी चालवण्याचं. साठच्या वेगात गाडी एका सेकंदाला सतरा मीटर जाते. समोर काही दिसून ब्रेकपर्यंत बोटं पोचायलाच एक सेकंद जातो, मग कोरड्या रस्त्यावरही थांबायला वीसएक मीटर लागतात. म्हणजे झाले चाळीस मीटर. रात्री खालच्या झोतात जेमतेम तेवढंच दिसतं. ऐंशीनं गेलास तर दिसायच्या आत आदळशील, हा नुसता गणिताचा भाग आहे. ब्रेक दोन्ही लाव. पुढच्या ब्रेकला पोरं घाबरतात, पण ब्रेक लावला की गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो, आणि गाडी खरी थांबवतो तो पुढचाच. एकदम आवळायचा नाही, दाबत दाबत वाढवायचा. नुसता मागचा दाबला की चाक अडकतं आणि गाडी आडवी होते. तुझ्या गाडीला एबीएस आहे, १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना २०१९ पासून ते सक्तीचंच आहे. तरी वाळूवर आणि चिखलात त्याचा भरवसा धरू नकोस. रिकाम्या मैदानात सवय कर, आधी वीसनं, मग तीसनं.

आपल्या भागात दोन गोष्टींनी सगळ्यात जास्त पोरं खाल्लीत. एक उसाच्या ट्रॉल्या. ट्रॅक्टरमागं दोन दोन, कडेनं ऊस बाहेर आलेला, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं झाकलेला. पंक्चर झाली की रस्त्यातच उभी. समोरून येणाऱ्या गाडीच्या उजेडानं डोळे दिपतात नेमकी त्याच वेळी ट्रॉली मध्ये येते. डोळे दिपले की वेग कमी कर, अंदाजानं पुढं जाऊ नकोस, आणि नजर रस्त्याच्या डाव्या पांढऱ्या पट्टीवर ठेव. ट्रॉली निघून गेल्यावरही चाकाखाली लावलेले दगड तिथंच पडलेले असतात, त्यांवर आदळून पडलेलेही आमच्याकडं यायचे. जमेल तेव्हा उतरून तो दगड बाजूला टाक, तुझ्यामागून कुणाचा तरी पोरगा येत असतो.

दुसरी गोष्ट पहिला पाऊस. उन्हाळाभर सांडलेलं तेल आणि धूळ पाण्यावर वर येतं, पहिला तासभर रस्ता सगळ्यात निसरडा असतो. चहा पी, थांब. शेताच्या वाटा जिथं डांबराला मिळतात तिथं ट्रॅक्टरनं आणलेली माती पावसात लोण्यासारखी होते. तिथं वळताना ब्रेक नको, वेग आधीच उतरवायचा. आंबोली, कुंभार्ली, ताम्हिणी, कुठलाही घाट असो, वळणावर मधल्या रेषेच्या आतच राहा. समोरचा ट्रक वळण घेताना तुझ्या बाजूला येणारच असं धरून चाल. ट्रकच्या आरशात तुला ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल तर त्यालाही तू दिसत नाहीस. आणि चौकात उजवीकडं वळणारी गाडी तुझ्याकडं बघत असली तरी तिनं तुला पाहिलंय असं समजू नकोस.

बायकांचं नि पोरांचं वेगळं सांगते. साडीगार्ड काढून टाकायचा फॅशनपणा करू नकोस. ताईला मागं बसवशील तेव्हा ओढणी पाठीमागं गाठ मारून जाकिटात घालायला लाव. ओढणी चाकात गेली की एका क्षणात गळ्याला फास बसतो. दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायला सांग. लहान पोराची टाच स्पोकमध्ये जाते, ही जखम मी इतकी बघितली की मोजदाद नाही. टाचेमागची कातडी सोलवटून निघते आणि भरायला फार दिवस घेते. पोराला टाकीवर बसवणंही वाईट, गाडी थांबली की त्याचं तोंड हँडलवर आपटतं. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला कायद्यानंच हेल्मेट लागतं, त्याहून लहान असलं तर चालवणाऱ्याला बांधून ठेवणारा पट्टा, लहान हेल्मेट आणि वेग ४० च्या आत, असा नियम आहे. संक्रांतीच्या आगेमागे गळ्याला जाड मफलर गुंडाळ आणि काच खाली ठेव. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ साली बंदी घातली, तरी दर जानेवारीत कापलेले गळे येतातच.

चेन साफ करताना इंजिन बंद. स्टँडवर लावून, गियर टाकून, चालत्या चेनवर फडकं धरणारे कित्येक जण बोटं गमावून आलेत. फडकं आधी ओढलं जातं, मागून बोट. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. ३५२३ म्हणजे २०२३ चा पस्तिसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी फार जुनं, तडा गेलेलं टायर ठेवू नकोस.

आता दुसरा कुणी पडलेला दिसला तर काय करायचं, हे नीट ऐक, कारण इथं चांगल्या मनाची माणसंच जास्त नुकसान करतात. आपल्याकडं पहिली रीत म्हणजे जखमी माणसाला उचलायचं आणि दुसऱ्या मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून न्यायचं. मणक्याचं हाड मोडलेलं असेल तर त्या प्रवासात मज्जारज्जू चिरडतो. पाय हलवत पडलेला माणूस दवाखान्यात पोचेपर्यंत कंबरेखाली लुळा होतो. तो धोक्याच्या जागी नसेल तर हलवू नकोस. आधी मागून येणारी वाहनं थांबव, पडलेल्या गाडीची चावी बंद कर, १०८ ला फोन लाव. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट काढायचं नाही, नुसती काच वर कर. घुसमटतोय, उलटी अडकलीय असं असेल तरच काढायचं, तेही दोघांनी: एकानं मान आणि डोकं धरून ठेवायचं, दुसऱ्यानं पट्टा सोडून हळू ओढायचं. उलटी होत असेल तर डोकं, मान, धड एकत्र कुशीवर वळवायचं.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घडी करून जोरानं दाबून धर. थांबलं का म्हणून सारखं उचलून बघू नकोस. भिजलं तर त्यावरच दुसरं ठेव. हळद, चहापत्ती, माती, काही भरायचं नाही. हाड बाहेर दिसत असलं तर आत ढकलायचं नाही, ओल्या स्वच्छ कापडानं झाकायचं. पाय ओढून सरळ करायचा नाही, वर्तमानपत्राची जाड घडी नाहीतर फळी लावून जसा आहे तसा बांधायचा. बोट तुटलं असेल तर ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत, आणि ती पिशवी बर्फात. बोट थेट बर्फाला लागलं तर ते पुन्हा जोडण्याजोगं राहत नाही. आणि पाणी पाजायचं नाही. माणूस मागतो, जीव तुटतो, तरी नाही. शुद्ध गेली तर ते फुप्फुसात जातं, आणि शस्त्रक्रियेची भूल द्यायला अडचण होते.

पोलिसांच्या लफड्याची भीती बाळगू नकोस. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आलं. मदत करणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी जबाबदारी येत नाही, नाव सांगायची सक्ती नाही. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला ठरवलेल्या रुग्णालयांत पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत रोख न भरता उपचार मिळण्याची केंद्राची योजनाही आहे, दवाखान्यात पोचल्यावर तिची चौकशी कर.

तूच पडलास आणि उठून उभा राहिलास, कपडे झटकलेस, "काही नाही झालं" म्हणालास, तर मला खरी काळजी तेव्हाच. डोक्याला मार लागल्यावर माणूस थोडी शुद्ध हरपून पुन्हा नीट बोलू लागतो, घरी जातो, जेवतो, आणि आत कवटी नि मेंदूच्या मध्ये रक्त साचत असतं. काही तासांनी डोकं ठणकतं, उलट्या होतात, झोप अनावर होते. घरचे म्हणतात, दमलाय, झोपू दे. सकाळी उठत नाही. तेव्हा क्षणभर जरी शुद्ध गेली असेल तरी सीटी स्कॅनला जायचं, आणि पुढचे चोवीस तास एकटं राहायचं नाही. तसंच हँडल पोटात बसलं असेल तर. वरून नुसता निळा डाग असतो, आत प्लीहा फाटलेली असते. चेहरा पांढरा पडला, घाम सुटला, डावा खांदा विनाकारण दुखू लागला, तर लगेच निघायचं.

कागदांचं दादा बघेल, तरी तू एकदा स्वतः वाच: चालक-मालकाचा पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा पॉलिसीत आहे ना, आणि लायसन्सची मुदत कधी संपते. लायसन्स नसलं तर तो विमा मिळत नाही. मोबाईलच्या कुलूपपडद्यावर रक्तगट आणि घरचा नंबर दिसेल असा टाक.

ताईसाठी हेल्मेट घ्यायचं राहिलंय, ते या रविवारी. भुवयांच्या वर बोटभर जागा सोडून डोक्याभोवती टेप धरून माप घ्यायचं असतं. केस बांधून ये म्हणावं, माप तसंच घेतात. मी दुकानात तुमच्याबरोबर येते.